टॉन्सिल काढले की दमा जातो, असं कुणी सांगितलं?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण तुमच्या घरात बारा महिने सर्दी असणारं, रात्री तोंड उघडं टाकून झोपणारं, पळालं की धाप लागणारं पोरगं असेल, तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्यांच्या घरात आहे त्यांना पाठवा.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या शुक्रवार पेठेत लग्नाच्या तारखांसारख्या टॉन्सिलच्या तारखा निघतात. "सुट्टीत उरकून टाका, शाळा बुडायला नको," असं दवाखान्यात सांगतात. आई-बापांनाही ते पटतं. वर्षभर पोरगं आजारी, दर पंधरा दिवसाला अँटिबायोटिकची बाटली, शाळेतून बाईंचे फोन. कोण वैतागणार नाही? एकदाचं कापून टाका आणि सुटा.

मी डॉक्टर नाही. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा आहे. पण पेपरवाला म्हटल्यावर लोक कागद घेऊन दारात येतात. कुणी रेशनकार्डाचा, कुणी कोर्टाच्या नोटिशीचा, आणि हल्ली दवाखान्याच्या फायली. "दादा, जरा वाचून सांगा की ओ, करावं का ऑपरेशन?" गेल्या काही महिन्यांत अशा पाच-सहा फायली माझ्या टेबलावर येऊन गेल्या. सगळी पोरं चार ते नऊ वर्षांची. सगळ्यांना अ‍ॅलर्जीची सर्दी, त्यातल्या चौघांना दमा. सगळ्यांना सल्ला एकच: टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड काढून टाका.

आता ऑपरेशन चांगलं की वाईट हे फायलीवरून मी ठरवू शकत नाही, आणि ठरवणारही नाही. पण फायलीत काय आहे आणि काय नाही, हे वाचणं माझ्या धंद्याचंच काम आहे. फायलींत होतं काय? मानेचा एक्स-रे. रक्ताचे रिपोर्ट. भुलीचं फिटनेस. खर्चाचा अंदाज. नव्हतं काय? वर्षभरात घसा नेमका कितीदा सुजला, ताप किती आला, याची मोजदाद एकाही फायलीत नव्हती. पोरगं झोपेत श्वास थांबवतं का, हे कुणी विचारल्याची नोंद फक्त एका ठिकाणी. नाकाचा औषधी स्प्रे सलग दोन महिने देऊन पाहिल्याची नोंद एकाही फायलीत नाही. आणि ज्या चौघांना दमा, त्यातल्या तिघांना रोजचा पंप कधी सुरूच केलेला नव्हता. धाप लागली की दवाखान्यात नेऊन मशीनवर वाफ द्यायची, उतरली की घरी.

म्हणजे साधं औषध नीट दिलंच नाही, आणि थेट ऑपरेशनची तारीख. माझा वाद एवढ्यावरच आहे.

आता ह्या गाठी म्हणजे काय ते आधी समजून घेऊ, कारण अर्धा घोळ तिथेच आहे.

टॉन्सिल म्हणजे तोंड उघडल्यावर घशाच्या दोन्ही बाजूंना दिसतात त्या गाठी. अ‍ॅडिनॉइड दिसत नाही. ती नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर असते. दोन्ही जन्मापासून सगळ्यांना असतात. नाका-तोंडातून येणाऱ्या जंतूंची ओळख शरीराला करून देणं हे त्यांचं काम. म्हणूनच लहान वयात त्या मोठ्या असतात. पाच-सहा वर्षांच्या आसपास सगळ्यात मोठ्या दिसतात आणि पुढे वयात येईपर्यंत आपोआप आकसत जातात. तेव्हा सहा वर्षांच्या पोराच्या एक्स-रेत गाठ "मोठी" दिसली, यात नवल काही नाही. तिच्यामुळे श्वास अडतो का, झोप मोडते का, कानात पाणी साचून ऐकू कमी येतं का, हा खरा प्रश्न. फोटोत गाठ दिसते, त्रास दिसत नाही.

अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट. धूळ, गादीतले बारीक किडे, झुरळं, बुरशी, गाजरगवताचा फुलोरा, धूर यांना शरीर वाजवीपेक्षा जास्त चिडतं. नाकातली त्वचा सुजते, नाक चोंदतं, शिंका येतात. तीच सूज खाली श्वासनळ्यांत असली की तिला आपण दमा म्हणतो. दमा असलेल्या बहुतेक पोरांना नाकाची अ‍ॅलर्जीही असते, कारण वाट एकच आहे, नाकापासून फुप्फुसापर्यंत. आता मला सांगा, घशातली गाठ काढल्याने श्वासनळीची सूज कशी जाईल? गाठ काढली तरी गादीतली धूळ गादीतच राहणार. नाकाची त्वचा तीच, फुप्फुस तेच.

म्हणून कुणी "टॉन्सिल काढा, दमा जाईल" असं छातीठोकपणे सांगितलं की त्याला शांतपणे विचारा, "लिहून देता का?"

इथे काही डॉक्टर मित्र रागावतील, म्हणून दुसरी बाजूही स्पष्ट मांडतो. हे ऑपरेशन थोतांड नाही. काही पोरांना ते लागतंच आणि लवकर लागतं. पोरगं रोज रात्री मोठ्याने घोरतं, मध्येच काही सेकंद श्वास बंद पडतो, मग दचकून हापापल्यासारखा श्वास घेतं, अंथरुण ओलं करतं, दिवसा पेंगतं, वजन वाढत नाही, तर ते लक्षण गंभीर आहे. तिथे अ‍ॅलर्जीचं निमित्त करून महिनोन् महिने थांबणं चूक ठरेल. घशात गळू होत असेल, कानात महिनोन् महिने पाणी साचून राहत असेल, तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगेल ते ऐकायलाच हवं.

अशा पोरांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २०१३ साली प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडणारी ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं घेतली. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं, निम्म्यांना देखरेखीखाली ठेवलं. सात महिन्यांनी ऑपरेशन केलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांचा झोपेतला श्वास सुरळीत झाला. न केलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांचाही झाला. ऑपरेशनचा फायदा ठळक आहे, यात वाद नाही. पण ऑपरेशन न करताही जवळजवळ निम्मी पोरं सुधारली, हेही त्याच अभ्यासात आहे. फार गंभीर त्रास असलेली मुलं त्यात घेतलीच नव्हती, तेव्हा हा आकडा त्यांना लावायचा नाही.

दम्याच्या पोरांचं काय? त्यावरही अभ्यास आहे, २०१४ सालचा. अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून दमा असलेल्या १३,५०६ मुलांचं ऑपरेशनआधीचं आणि नंतरचं वर्ष ताडून पाहिलं. दम्याचे तीव्र झटके साधारण ३० टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा ऑपरेशनच्या बाजूने सांगितला जातो आणि तो खरा आहे. पण तो पुरता ऐका. तीस टक्के कमी झाले म्हणजे सत्तर टक्के उरले. पंप, औषध, धुळीपासून बचाव हे सगळं ऑपरेशननंतरही करायचंच आहे. शिवाय तो नोंदींवरचा अभ्यास आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले नव्हते, त्यामुळे फायदा नेमका गाठ काढल्याचाच किती, हे त्यातून नक्की ठरत नाही. ज्यांचा दमा झोपेतल्या अडथळ्यामुळे बिघडत होता त्यांना फायदा होणं समजण्यासारखं आहे. म्हणून प्रत्येक दमेकरी पोराच्या घशात सुरी घालायची, हे त्या अभ्यासात कुठेही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या टोकाचा अभ्यास डेन्मार्कचा, २०१८ चा. सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदी पाहिल्या. नऊ वर्षांच्या आत गाठी काढलेल्या मुलांना पुढच्या आयुष्यात नाक-घसा-श्वासाचे आजार जास्त आढळले. हाही नोंदींवरचाच. "ऑपरेशन केलं म्हणून आजार झाले" असं त्यातून ठामपणे म्हणता येत नाही, आणि मीही म्हणणार नाही. पण "टॉन्सिल काय, बिनकामाचं मांस, काढलं तरी काही फरक पडत नाही" हे जे आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं, ते तरी आता बंद करा.

आणि आता सगळ्यात स्वस्त अभ्यास. ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला, झोपेत घोरणाऱ्या आणि श्वासाचा त्रास असणाऱ्या ३ ते १२ वर्षांच्या २७६ मुलांना सहा आठवडे नाकात स्प्रे दिला. एका गटाला औषधाचा, दुसऱ्याला नुसत्या मिठाच्या पाण्याचा. २०२३ साली निकाल आला. दोन्ही गटांत दहापैकी साधारण चार मुलांचा त्रास मिटला. मिठाचं पाणी! मेडिकलमध्ये सलाईनचे नाकात टाकायचे थेंब मिळतात, चहा-भज्यांच्या पैशात. सगळ्यांचं काम त्यावर भागत नाही हे उघड आहे, दहापैकी सहा उरतातच. पण सहा आठवडे थांबून चार पोरं भुलीच्या टेबलावरून वाचणार असतील, तर थांबायला काय हरकत आहे?

हा रोग नवा नाही बरं का. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली छापलेली एक पाहणी जगभर सांगितली जाते. शाळेतल्या ११ वर्षांच्या १,००० मुलांना तपासलं. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांपुढे उभं केलं. त्यांनी १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. मग ज्यांना "गरज नाही" म्हटलं होतं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी त्यातल्या ९९ जणांना ऑपरेशन सांगितलं. पुन्हा उरलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तर ५१ जणांना सांगितलं. हजारातली फक्त ६५ मुलं निसटली. दर वेळी साधारण निम्मी. पोरं बदलली तरी प्रमाण तेच. म्हणजे निर्णय पोराच्या घशावरून होत नव्हता, डॉक्टरच्या सवयीवरून होत होता.

चार वर्षांनी, १९३८ साली, इंग्लंडात ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरने असंच दाखवून दिलं. हॉर्न्सी नावाच्या भागात शाळेच्या मुलांची वर्षाला सरासरी १८६ टॉन्सिलची ऑपरेशनं होत होती. शाळेचा डॉक्टर बदलला आणि तो आकडा १२ वर आला. पोरं तीच, हवा तीच, फक्त सही करणारा हात बदलला.

तेव्हापासून जगात नियम कडक होत गेले. घसा सुजतो म्हणून टॉन्सिल काढायचे तर आज जगभर जो हिशोब धरतात तो असा: वर्षात किमान ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा. आणि "वेळ" मोजायची तर नुसती सर्दी नाही. घसादुखीबरोबर १०१ च्या आसपास किंवा वर ताप, टॉन्सिलवर पू, गळ्याला दुखऱ्या गाठी किंवा तपासणीत सापडलेला जंतू, यातलं काहीतरी हवं आणि डॉक्टरच्या कागदावर त्याची नोंद हवी. यापेक्षा कमी वेळा होत असेल तर थांबा आणि बघा. अ‍ॅलर्जीची वाहती सर्दी ह्या मोजणीत धरतच नाहीत. आता आपल्या घरातली फाईल काढा आणि मोजा.

मग आपल्याकडे हे असं का होतं? सगळं खापर डॉक्टरांवर फोडून मोकळं होणं सोपं आहे. तसं नाही.

पैसा आहेच. पोराच्या आईला पंप कसा ओढायचा हे शिकवायला वीस मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे कुणी वेगळे देत नाही. ऑपरेशनचे मिळतात. पेशंट पाठवणाऱ्याला वाटा देण्याची "कट"ची पद्धत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन ती चव्हाट्यावर मांडली, तीही डॉक्टरांच्याच तोंडून. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करायला माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मसुदा झाला. कायदा काही झाला नाही.

आणि विनाकारण ऑपरेशनं होतच नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या शेजारच्या बीडकडे पाहावं. ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. टॉन्सिलचं ऑपरेशन आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन एक नाही, मला मान्य आहे. पण जिथे कुणी मोजत नाही तिथे काय होतं, ते बीडने दाखवलं. सोलापुरात वर्षाला किती लहान पोरांचे टॉन्सिल निघतात? हा आकडा कुणी एका जागी गोळा करून लोकांपुढे ठेवलाय का? एकाने तरी दाखवावा.

दुसरं कारण आपण स्वतः. पंपाची भीती. "पंपाची सवय लागते," "पंप म्हणजे शेवटची पायरी," "पोरीला पंप आहे कळलं तर लग्न कसं जमायचं?" हे मी माझ्या कानांनी आमच्याच बोळात ऐकलंय. स्टिरॉइड शब्द ऐकला की हातपाय गळतात. अहो, पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, थेट श्वासनळीत जातो. आणि तीच माणसं गल्लीतल्या मेडिकलमधून खोकल्यासाठी मिलिग्रॅममधल्या स्टिरॉइडच्या गोळ्या चिठ्ठीविना आणून पोराला देतात! पंपाला घाबरायचं आणि भुलीला नाही, हा कुठला हिशोब?

ह्या भीतीची किंमत आकड्यांत दिसते. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त भारतात होतात. देशातल्या नऊ केंद्रांवरच्या मोठ्या पाहणीत छाती वाजणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना "तुम्हाला दमा आहे" असं कुणी सांगितलेलंच नव्हतं. "बाळदमा आहे, मोठेपणी जाईल," "छातीत कफ आहे," "अ‍ॅलर्जिक खोकला आहे". सगळी नावं चालतात, दमा हा शब्द तेवढा चालत नाही. रोगाचं नावच घ्यायचं नाही म्हटल्यावर त्याचं औषध कुठून सुरू होणार?

तिसरं कारण आपलं शहर. ह्याच्यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी यायची सवय लोकांना वर्षानुवर्षं लागली आहे. म्हणून घराघरांत पिंपं, हंडे, टाक्या भरलेल्या. साठवलेल्या पाण्यात डास. डासांना कॉइल. दहा बाय बाराच्या खोलीत दार-खिडकी लावून रात्रभर कॉइल जळते आणि तिच्यापासून चार हातांवर दमेकरी पोरगं झोपतं. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरतात, असं २००३ सालच्या अभ्यासात मोजलं गेलंय. घरात कुणी विडी ओढत नसेल तरी पोरगं रोज रात्री तेवढं ओढतंय. तिकडे पूर्व भागात मागाची कापसाची तूस, विड्या वळणाऱ्या मायमाऊल्यांच्या घरात तंबाखूची भुकटी, आणि सगळ्या शहरात खोदून ठेवलेल्या रस्त्यांची धूळ. केंद्राने २०१९ साली स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत सोलापूर आहे. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांतही आपण होतो. दोन्ही याद्यांत नाव आहे, आणि पोरांच्या नाकात धूळ आहे.

म्हणजे शहर पोराचं नाक चोंदवतं, घर त्यात भर घालतं, आणि शेवटी शिक्षा कुणाला? पोराच्या टॉन्सिलला.

ज्या घरांत फाईल येते त्यांची परिस्थिती मला माहीत आहे. त्यातले एक जण मागावर कामाला, बायको विड्या वळते. तीस हजारांचा अंदाज हातात दिला होता. बचत गटातून उचल आणि बायकोची बोरमाळ, असा बेत ठरला होता. पोराला दमा होता, रोजचा पंप नव्हता, घरात रात्रभर कॉइल. मी एवढंच म्हटलं, दुसऱ्या एका डॉक्टरला दाखवून या, तो सांगेल तसं करा. त्यांनी बालरोगतज्ज्ञाला दाखवलं. नाकाचा स्प्रे, स्पेसर लावून रोजचा पंप, कॉइलच्या जागी मच्छरदाणी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघू असं ठरलं. तीन महिन्यांनी पोराचं घोरणं पुष्कळ कमी झालं, ऑपरेशन सध्या लागत नाही असं त्याच कान-नाक-घसा डॉक्टरांनी सांगितलं. त्यांचा मोठेपणा, की त्यांनी मत बदललं. दुसऱ्या एका घरात उलटं झालं. स्प्रे, पंप सगळं नीट करूनही पोरीचा झोपेतला श्वास अडतच राहिला. तिचं ऑपरेशन झालं आणि ते होणंच योग्य होतं. दोन्ही घरांनी तेच केलं: आधी साधा उपाय पूर्ण केला, मग निर्णय घेतला.

"तुम्ही डॉक्टरांवरचा विश्वास उडवताय," असं कुणी कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून उत्तर आत्ताच देतो. प्रश्न विचारल्याने ज्याच्यावरचा विश्वास उडतो, तो विश्वास होता कधी? माझ्या माहितीतले चांगले डॉक्टर स्वतःच हे सगळं सांगतात. रांग लांब असली तरी दहा मिनिटं देऊन आईला स्प्रे मारायला शिकवतात. त्यांच्याच बाजूने ही पोस्ट आहे. घाईने तारीख देणाऱ्यांमुळे त्यांचंही नाव खराब होतं.

आता कामाचं. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर भांडू नका, फक्त हे विचारा:

१) ऑपरेशन कशासाठी? घशाच्या सुजेसाठी, झोपेतल्या श्वासासाठी, की कानासाठी? कारण फायलीवर लिहून द्या. "गाठ मोठी आहे" हे कारण नव्हे.

२) घसा वर्षात कितीदा सुजला? नोंद नसेल तर आजपासून कॅलेंडरवर खूण करा, तापासकट.

३) अ‍ॅलर्जीचा नाकाचा स्प्रे सलग सहा ते बारा आठवडे दिलाय का? आणि बरोबर मारलाय का? मान किंचित पुढे, तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, जोरात ओढायचं नाही. चुकीचा मारला तर घशात जातो आणि "काही उपयोग नाही" असं आपण म्हणतो.

४) दमा असेल तर तो आधी आटोक्यात आहे का? दमा चिघळलेला असताना, ताजी सर्दी असताना भूल दिली तर श्वासनळ्या आवळण्याचा धोका जास्त. पंप चालू आहे, मागचा झटका कधी आला होता, हे भूलतज्ज्ञाला स्वतःच्या तोंडाने सांगा.

५) पोरगं झोपलेलं असताना मोबाईलवर पाच-दहा मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि तोंड दिसेल असा. डॉक्टरला दाखवा. एक्स-रेपेक्षा तो पुष्कळदा जास्त बोलतो.

६) ऑपरेशन झालंच तर पहिले चोवीस तास आणि नंतर पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. तेवढे दिवस पोराला गावाकडे, दवाखान्यापासून लांब नेऊ नका. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

७) दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि दुसरं मत एखाद्या बालरोगतज्ज्ञाचं घ्या, दुसऱ्या ऑपरेशनवाल्याचंच नको.

एक मात्र लक्षात ठेवा. श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडतायत, ओठ निळे दिसतायत, पोराला एक वाक्य पूर्ण बोलता येत नाही, तर माझी पोस्ट वाचत बसू नका. उचला आणि दवाखान्यात न्या.

आता ज्यांच्या हातात अधिकार आहे त्यांच्याकडे मागणी.

सिव्हिलमध्ये बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग आहेत. आठवड्यातून एक दिवस दोघांनी एकाच टेबलावर बसून अ‍ॅलर्जी-दम्याची पोरं तपासावीत. आईला पंप शिकवायला एक प्रशिक्षित सिस्टर द्यावी. यासाठी नवी इमारत लागत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत जातात. त्यांच्या आजारांच्या यादीत श्वासनळ्यांचा हा आजार आहे. दात आणि डोळे तपासता तसं "रात्री घोरतो का? पळाल्यावर छाती वाजते का?" हे दोन प्रश्नही प्रत्येक पोराला विचारा.

जिल्ह्यातल्या प्रत्येक दवाखान्याने बारा वर्षांखालच्या मुलांच्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइड ऑपरेशनची संख्या आणि कारण आरोग्य खात्याला कळवावं. नावं नकोत, नुसते आकडे. बीडमध्ये गर्भपिशवीच्या ऑपरेशनआधी शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली होती. मी तेवढंही मागत नाही. फक्त मोजा.

महापालिकेने रोज पाणी द्यावं आणि खोदलेला रस्ता बुजवावा. हे वैद्यकीय काम नाही असं वाटत असेल तर दमेकरी पोराच्या घरात एक रात्र झोपून बघा.

आणि माझ्या पत्रकार भावांनो, "टॉन्सिल शस्त्रक्रिया शिबिर, मर्यादित जागा" अशी जाहिरात बातमी म्हणून छापू नका. जागा मर्यादित असतात नाटकाच्या. ऑपरेशन ज्याला लागतं त्यालाच करायचं असतं, आणि ज्याला लागतं त्याला जागा मिळालीच पाहिजे.

मे महिना पुन्हा येणार. तारखा पुन्हा निघणार. तुमच्या पोराची तारीख ठरण्याआधी सहा आठवडे मागून घ्या. गाठ कुठे पळून जात नाही. श्वास अडत असेल तर डॉक्टरच थांबू देणार नाही. नसेल अडत, तर सहा आठवडे द्यायला तोही नाही म्हणणार नाही. आणि नाही म्हणाला, तर त्यातच तुमचं उत्तर आलं.

ज्यांच्या घरात असा अनुभव आहे, चांगला असो की वाईट, त्यांनी खाली लिहा. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं मात्र लिहू नका, वाद नावाशी नाही. डॉक्टर मंडळींनीही लिहावं, माझ्या मजकुरात वैद्यकीय चूक दिसली तर जरूर दाखवावी.

पटलं तर पुढे पाठवा.

#सोलापूर #शुक्रवारपेठ #आधीऔषधमगऑपरेशन